म्युझियमच्या दारातला अनवाणी माणूस

सुरुवातीलाच सांगते, भुतंखेतं, संकेत, दृष्टांत यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मैत्रिणी असलं काही सांगायला लागल्या की सगळ्यात आधी खिल्ली मीच उडवायची. त्यामुळे हे इथे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिलं नाही तर कृतघ्न ठरेन.

मी चौसाळ्याची. हायवेला लागूनच आमचं किराणा दुकान आहे. सध्या मेलबर्नला फूड टेक्नॉलॉजीत मास्टर्स करतेय. आमचे अप्पा – म्हणजे माझे वडील – भारी शिस्तीचे दुकानदार. सकाळी पूजा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, चपला पायरीखाली काढून अनवाणी गादीवर बसायचं. आणि बोहणी होईपर्यंत, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक रोख पैसे देऊन जाईपर्यंत, ना उधारी, ना फोन, ना जागेवरून उठणं. पोटची पोर परदेशातून फोन करत असली तरी नाही!

त्या दिवशी क्लास नव्हता म्हणून इथल्या मोठ्या आर्ट म्युझियममध्ये गेले. प्रवेश फुकट – आपल्याला अजून काय पाहिजे? एका हॉलमध्ये उजाड, तांबूस माळाचं भलंमोठं चित्र होतं. थेट आष्टीकडचा माळ वाटावा असं. हॉल रिकामाच होता. चित्रासमोरच्या बाकावर बसले आणि घरच्या आठवणीने डोळे भरून आले.

तेवढ्यात तिथली अटेंडंट, साठीची गोरी बाई, जवळ आली आणि हळूच विचारलं, "बायडी तूच का?"

मी ताडकन बाकावरून उठले. मला बायडी म्हणतात ते फक्त अप्पा. इथे ते नाव कुणालाच माहीत नाही. ती म्हणाली, दारात एक गृहस्थ तुला बोलावताहेत. कपाळावर पांढऱ्या रेघा आहेत, पायात काही नाही, आत या म्हटलं तर नको म्हणाले.

मी पळत दाराशी गेले. कुणी नव्हतं. बाहेर रस्त्यापर्यंत जाऊन पाहिलं... कुणीच नाही.

इकडे दुपार असली तरी तिकडे सकाळ, दुकान नुकतंच उघडलेलं असणार. नियम गेला खड्ड्यात म्हणत अप्पांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला. आवाज पार खोल गेलेला.

"बोहणीच्या आधी काहून फोन केलास गं?"

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहाटेपासून छातीत दाब, डावा हात जड, घामाने सदरा ओला. ॲसिडिटी समजून सोडा पिऊन बसले होते. आई नेकनूरला मावशीकडे गेलेली. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणे बोहणी होऊ दे, मग बघू.

मी रडकुंडीला आले. म्हटलं, "मीच गिऱ्हाईक समजा अप्पा, किलोभर गूळ काढून ठेवा आणि उठा."

"उधारीवर बोहणी करत न्हाईत, बाई."

आता या माणसापुढे डोकं आपटायचं की हसायचं! फोन कट केला आणि समोरच्या शिवाकाका टेलरना लावला. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. एका शब्दाने उलट न विचारता ते धावत गेले, नोट गादीवर ठेवली, काडेपेटी उचलली, शटर ओढलं आणि अप्पांना गाडीत घालून बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोठा अटॅक होता, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

अप्पा वाचले. नंतर त्यांना दारातल्या माणसाचं सांगितलं, तर म्हणाले, "मी कुठं येतो बाई तिकडं? मला तर गादीवरून उठवत नव्हतं."

पुढच्या आठवड्यात आभार मानायला त्या अटेंडंटला भेटले. अप्पांचा फोटो दाखवला. हेच, म्हणाली, अगदी खात्रीने. मग मी विचारलं, अप्पांना तर इंग्रजीचा गंध नाही, ते तुमच्याशी बोलले कोणत्या भाषेत? "भाषा आठवत नाही," ती म्हणाली. "पण काय म्हणत होते ते मला सगळं कळत होतं."

कोण आलं होतं, कसं आलं होतं... मला आजही सांगता येत नाही. खरं सांगू, आता शोधावंसंही वाटत नाही. जे कुणी होतं त्याला मनापासून हात जोडते. आत्ता हे लिहीत असताना व्हिडिओ कॉल सुरू आहे. बिनमिठाच्या भाजीवरून अप्पा आईशी भांडताहेत आणि मी इकडे गुपचूप ऐकत बसलेय.