अक्काच्या हातचं न्हाणं

आमच्या राजाजीनगरच्या गल्लीत त्या काळात जी म्हणून मुलं जन्मली ती सगळी, आईबाप कानडी असोत, तमिळ असोत की थेट कलकत्त्याचे, मराठीत रडायची, असं माझे वडील शपथेवर सांगत. आणि याचा सगळा ठपका ते आपल्या थोरल्या बहिणीवर, म्हणजे माझ्या आत्यावर ठेवत. वडिलांच्या बोलण्यातला निम्मा भाग नेहमीच वजा करावा लागे, पण उरलेला निम्मा खरा होता. गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरांना आत्यानं आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, आणि न्हाऊ घालताना तिच्या तोंडाचा जो पट्टा चालायचा तो मिरजेच्या मराठीत. मोठ्या माणसांच्या बाबतीतही तिचं धोरण फारसं निराळं नव्हतं. समोरच्यानं आधी भिजावं, मग शेकून घ्यावं आणि मग गप्प झोपावं, एवढीच तिची जगाकडून अपेक्षा असे.

खरं म्हणजे ती बंगळूरला राहायला आलीच नव्हती. ती आली होती दोन महिन्यांसाठी. तिचे यजमान मिरजेला शाळामास्तर होते, ते विषमज्वरात गेले. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात एक खोली तिच्या वाट्याला आली होती. माझे वडील बंगळूरला सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. ते मिरजेला गेले आणि 'जरा हवापालट' असं सांगून तिला घेऊन आले. एक ट्रंक, ज्वारीच्या पिठाचा डबा आणि तांब्याचं घंगाळ एवढं सामान तिनं बरोबर आणलं. घंगाळ आगगाडीत कुणी चेपेल म्हणून ते सबंध प्रवासात मांडीवर घेऊन बसली होती. आल्या दिवसापासून तिचं पालुपद एकच: दोन महिने झाले की मी चालले. दोन महिने झाले, दोन दिवाळ्या झाल्या, तरी ती 'चालले'च म्हणत होती. आमटी पातळ झाली की ती मिरजेला निघायची, मी अभ्यासाला बसले नाही की निघायची, वडिलांनी सिगरेट ओढली की तर ट्रंकच ओढायची. दिरानं तिकडं तिच्या खोलीत हळदीची पोती रचली होती. हे वडिलांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि आत्यालाही ठाऊक असावं. पण तिला कुणी ते बोलून दाखवलं नाही, आणि म्हणून तिची धमकी शेवटपर्यंत दबदबा राखून होती.

बंगळूरवर तिचा राग सर्वांगीण होता. इथलं ऊन तिला ऊनच वाटत नसे. त्यात पापड वाळत नाहीत, गहू तापत नाहीत, आणि चैत्रात माणसं स्वेटर घालून फिरतात हे तर तिला धर्माविरुद्ध वाटे. भाषेचा प्रश्न मात्र तिनं पहिल्याच आठवड्यात निकालात काढला. वडील तिला अक्का म्हणत, आणि भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत इथला जो तो तिला अक्काच म्हणू लागला, तेव्हा तिनं असा निष्कर्ष काढला की हे लोक मुळात मराठीच बोलतात, फक्त चुकीचं बोलतात. दूधवाला रोज सकाळी दारात येऊन "अक्का, हालू" अशी हाक मारायचा. कानडीत हालू म्हणजे दूध. आत्याला वाटलं, हा बिचारा रोज आपले हाल सांगतोय. "बाबा रे, हाल कुणाला चुकलेत," असं म्हणून ती त्याला बसवायची आणि वाटीभर पोहे द्यायची. दूधवाल्याचाही गैरसमज झाला. मराठी लोकांत दूध घेण्याआधी पोहे देण्याची रीत आहे, असं त्यानं पुढच्या गल्लीत सांगितलं. तिथल्या देशपांड्यांच्या घरी तो पोह्यांची वाट बघत बराच वेळ उभा राहिल्याचं नंतर कळलं.

असे दिवस चालले असताना शेजारच्या घरात वडिलांच्याच कारखान्यातला एक तरुण बंगाली इंजिनियर बिऱ्हाड करून राहिला. त्याची बायको बानी विशीतली असेल. तिला आई नव्हती, सासूला एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून पहिलं बाळंतपण तिनं इथंच, कुणी वडीलधारं जवळ नसताना उरकलं. नवरा कारखान्यात गेला की ते मूल रडायला लागे, ते नवरा परत येईपर्यंत. आत्या भिंतीपलीकडून ऐकत असे आणि भिंतीपलीकडूनच निदान करत असे. पोट नाही, अंग दुखतंय त्याचं, कुणी नीट चोळलेलं नाही. आई म्हणाली, मग जाऊन सांगा की तिला. त्यावर आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्यासारखीनं बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये."

मिरजेला जावेच्या मुलांची बारशी व्हायची तेव्हा घुगऱ्या आत्याच शिजवायची, पण पाळण्याला दोरी लागली की तिला मागच्या खोलीत जाऊन बसावं लागे. याबद्दल तिनं कधी तक्रार केली नव्हती. पावसाळ्यात छत्री घ्यावी तसं ती ते धरून चालली होती.

पण बानीचं पोर काही केल्या थांबेना. आत्यानं चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं खोबरेल कोमट केलं, साय आणि डाळीचं पीठ वाटीत घेतलं, घंगाळ काखेत मारलं, आणि "पाप लागलं तर माझं मी बघून घेईन," असं आईला सांगून ती शेजारी गेली. बानीला मराठी येत नव्हती, आत्याला बंगाली येत नव्हती, हिंदी दोघींनाही येत नव्हती. आत्यानं तिच्या हातातून मूल काढून घेतलं, पाय पसरून बसली आणि कामाला लागली. तासाभरानं मूल असं झोपलं, की ते रडत का नाही म्हणून बानी घाबरून आमच्याकडे पळत आली. आईनं तिला पाणी दिलं, चटईवर बसवलं, आणि बसल्या जागी तीही झोपली. संध्याकाळी इंजिनियर घरी आला तर बायकोचा पत्ता नाही, आणि पाळण्याशेजारी एक अनोळखी म्हातारी. तिनं ओठांवर बोट ठेवून त्याला त्याच्याच घरातून बाहेर काढलं. बिचारा डबा मांडीवर घेऊन स्वतःच्या पायरीवर दिवेलागणीपर्यंत बसून होता.

मग रोजचंच झालं. सहा महिन्यांनी त्या मुलाला पहिला भात भरवायचा समारंभ होता. कारखान्यातली माणसं सहकुटुंब जमली होती. आम्हीही गेलो. आत्या मात्र सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. बानी आली, तिनं आत्याचा हात धरला, ओढतच बाहेर आणलं आणि पाटावर बसवून सजवलेलं मूल तिच्या मांडीवर द्यायला लागली. आत्यानं हात मागे घेतले. सगळ्यांसमोर, जरा चढ्या आवाजातच, ती म्हणाली, "अगं, मी विधवा आहे."

खोलीतल्या बहुतेकांना ते कळलंच नाही. बानीला कळलं. सहा महिने रोज तासभर आत्याचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. ती म्हणाली, "माहीत आहे, अक्का. बसा."

बानीचं ते आमच्यासमोर बोललेलं पहिलं धड मराठी वाक्य. आत्या बसली. मुलाला पहिला घास तिच्या मांडीवर भरवला गेला, आणि त्यानं तो तिच्या पदरावर थुंकला. घरी येताना आई डोळे पुसत होती. आत्या मात्र एवढंच म्हणाली, की बंगाल्यांना 'बसा' म्हणता यायला लागलं म्हणजे बाकीची भाषा काही अवघड नाही.

त्यानंतर आत्याला गल्ली अपुरी पडायला लागली. त्या काळी तिथं दर दोन घरांआड नोकरीसाठी मुलूख सोडून आलेलं तरुण जोडपं असायचं, आणि कुणाचीच सासू जवळ नसायची. सगळ्यांची ती उणीव आत्या एकटी भरून काढू लागली. पदर खोचून सकाळी निघायची ती उन्हं डोक्यावर आल्यावर परतायची. मोबदला तिनं कधी घेतला नाही. कॉफी मात्र घ्यावी लागायची. मिरजेला असताना कॉफी हे आजाऱ्याचं औषध आहे असं तिचं मत होतं. "मी काही कॉफीबाज नाही, त्यांचा मान राखते," असं ती सांगायची आणि घरोघरी एकेक पेला मान राखत दुपारी इतकी तरतरीत होऊन यायची, की आम्हाला सगळ्यांना कामाला लावायची. कानडी ती बोलतच नव्हती, असं तिचं म्हणणं. "बिसी नीर काढ, मगूला पुसून घे, साकु आता," हे ती निव्वळ मराठी समजून बोलायची; त्यातलं ऊन पाणी, मूल आणि 'पुरे' हे तिन्ही कानडी.

मुलांना दृष्ट लागू नये म्हणून ती त्यांना यथेच्छ शिव्या द्यायची. मेल्या, काळतोंड्या, टोणग्या असं म्हणत म्हणत ती त्यांच्या टाळूवर तेल जिरवायची. एकदा एका तमिळ आजोबांनी, नातवाला उद्देशून रोज उच्चारल्या जाणाऱ्या 'मेल्या' या शब्दाचा अर्थ माझ्या वडिलांना विचारला. वडील म्हणाले, दीर्घायुषी. आजोबांना ते इतकं आवडलं की तेही नातवाला मेल्या म्हणू लागले. बानीच्या मुलानं पहिला शब्द उच्चारला तो 'नको'. हा बंगालीत कोणता शब्द असावा यावर त्याच्या बापानं कलकत्त्याच्या मंडळींचंही मत मागवलं होतं.

मी कॉलेजात असताना वडिलांना पुण्याच्या एका कारखान्यात वरची जागा मिळाली. घरात आनंदीआनंद झाला. आत्याला सगळ्यांत जास्त आनंद होईल, अशी आमची समजूत. आता मराठी मुलूख, मिरज हाकेवर, पापडांना ऊन. पण आत्याचं 'चालले' त्या दिवसापासून बंदच झालं. आम्ही भांडी खोक्यात भरायला लागलो तेव्हा तिनं आपली भांडी वेगळी काढून ठेवली.

वडिलांनी विचारलं, हे काय. ती म्हणाली, मी येत नाही.

"इथं तुझं कोण आहे, अक्का?"

"कोपऱ्यावरच्या सरोजाला सातवा लागलाय."

"मग तिचं होऊ दे. नंतर मी न्यायला येतो."

"तोवर दुसरी कुणी असेलच की." मग ती म्हणाली, "बाळ, तिकडं सगळी आपल्याच रीतीची माणसं. तिथं मला पुन्हा दाराआड उभं राहावं लागेल. आता ते जमायचं नाही रे मला."

वडिलांनी त्यावर दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते घरमालकाकडे गेले आणि मागच्या दोन खोल्या तिच्या नावानं ठेवून आले. रविवारी स्वतः उभं राहून त्यांनी न्हाणीघराला चुना दिला, बंबाला कल्हईवाल्याकडून डाग देऊन घेतला आणि बंबाच्या तोटीवर सबंध सकाळ घालवली. तोटी आधीपासूनच चांगली होती.

आमची गाडी सकाळची होती, आणि ती वेळ अंघोळींची. त्यामुळे आत्या स्टेशनवर येणार नव्हती. टांगा जोडला तेव्हा ती सरोजाच्या घरातून धावत बाहेर आली. हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. आमच्या प्रवासाच्या कपड्यांना डाग पडतील म्हणून तिनं कुणालाच जवळ घेतलं नाही. हात तसेच वर धरून ती टांगा वळेपर्यंत उभी राहिली.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाली तशी मी हट्टानं तिला घेऊन बंगळूरला गेले. आत्याचे गुडघे आता पसरत नव्हते. न्हाऊ घालायचं काम तिनं सरोजावर सोपवलं होतं. सरोजा माझ्या लेकीला मिरजेच्या मराठीत शिव्या देत चोळत होती आणि आत्या बाजूच्या खुर्चीत बसून बघत होती. मधे एकदाही तिनं सूचना केली नाही, हे मला जरा जड गेलं. न्हाणं झाल्यावर गुंडाळलेली पोर तिनं मांडीवर घेतली, टाळूचा वास घेतला.

मी विचारलं, ती सगळी मुलं आता मोठी झाली असतील, भेटतात का कधी. बानीकडचं लेकरू बापाची बदली झाली तसं दिल्लीला गेलं, म्हणाली. दोघं-तिघं अजून गल्लीत दिसतात, सायकलीवरून जातात. ओळखत नाहीत.

"वाईट वाटतं का गं?"

"कशाचं वाईट?" ती म्हणाली. "त्या वयातलं आठवत नाही कुणाला, तेच बरं. आठवलं असतं तर जन्मभर माझ्यावर रागावली असती. साबण काय कमी घातलाय मी डोळ्यांत?"

मग ती पोरीला हलकेच थोपटत राहिली. पोर झोपली होती. मी उचलायला पुढं झाले तशी तिनं मान हलवली. पाय बधिर झालाय, म्हणाली, पण राहू दे अजून थोडी.