चंद्रकलेच्या पोटात राहिलेली गोष्ट

सरळगावच्या पुढं चंद्रकलेचं गाव. तिथं कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी चंद्रकलेला सांगायचे. दुपारपर्यंत चार गावांना आमंत्रण पोचलेलं असायचं. एकदा तिच्या जावेनं "कुणाला सांगू नको गो" म्हणत कानात सांगितलं की आपल्याला दिवस गेलेत. जावेच्या नवऱ्याला ही बातमी संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर कळली.

अशा बाईला मुरबाडच्या एका महिला समुपदेशन केंद्रात मदतनिसाचं काम लागलं. घरच्या मारहाणीला कंटाळून आलेल्या बायकांना तिथं सल्ला मिळतो, पोलिसांत, कोर्टात सोबतीला माणूस मिळतं, आणि घरी परत जाणं धोक्याचं असेल तर निवारागृहात सोय होते. चंद्रकलेनं चहा करायचा, पोरं सांभाळायची, बायकांबरोबर दवाखान्यात जायचं. हे ऐकून तिचा नवरा सुदाम इतका हसला की त्याला ठसका लागला आणि तिलाच उठून त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

पहिल्याच दिवशी समुपदेशक वंदनाताईंनी तिला समोर बसवलं. "मावशी, इथं आलेल्या बाईचं नाव, गाव, तिला कुठं ठेवलंय, यातलं काही बाहेर बोलायचं नाही. नवरा विचारो, सासू विचारो, सरपंच विचारो."

"आणि कुणी नाय विचारलं तर?"

"तरी नाही!"

पहिल्या आठवड्यात चंद्रकलेचं पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले गॅस आहे. तिला पक्कं ठाऊक होतं की गॅस नाही, सात बायकांच्या गोष्टी आहेत. मग ती संध्याकाळी गोठ्यात जाऊन म्हशीजवळ मन मोकळं करायला लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की म्हैस नुसती रवंथ करतेय आणि कुडाच्या पलीकडं सुदाम श्वास रोखून बसलाय. म्हशीशीही बोलणं बंद झालं.

एवढं सोसण्यामागं एक कारण होतं. चंद्रकलेच्या लग्नाआधी तिची चुलत बहीण हिराबाई सासरच्या माराला भिऊन त्यांच्याकडं लपायला आली होती. चंद्रकला पाण्याला गेली आणि विहिरीवर बोलून गेली. संध्याकाळी सासरचे आले नि हिराबाईला घेऊन गेले. हिराबाईनं त्याबद्दल तिला कधी बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं चंद्रकलेला अजून वाटतं.

मग एका मंगळवारी डोळखांबकडच्या एका पाड्यावरून सारिका आली. एक डोळा काळानिळा, कडेवर पाच वर्षांची मुलगी. आतल्या खोलीत वंदनाताई आणि संरक्षण अधिकारी मॅडम तिचा जबाब लिहून घेत होत्या. तासाभरानं जीप मागच्या दाराशी येणार होती. तेवढ्यात पुढच्या दारात सारिकाचा नवरा मनोज उभा राहिला.

चंद्रकलेनं आतल्या खोलीच्या दारावर तीनदा टकटक केलं. पोलिसांना बोलवा, असा त्याचा अर्थ. मग ती त्या दाराला पाठ लावून स्टूल टाकून बसली.

"मावशी, माझी बायको आलेय ना इथं?" मनोज अगदी गोड आवाजात म्हणाला.

चंद्रकलेच्या जिभेवर 'हो' आलंच होतं. तिनं ते गिळलं आणि त्याच्या जागी जे सापडलं ते बाहेर काढलं. "बस रे भाऊ. उभ्या माणसाशी बोललं का माझी मान धरते. मान कशी धरली ते सांगते. आमच्या नथूच्या लग्नात बँडवाले चुकून दुसऱ्याच गावात गेले..."

"मावशी, माझी बायको."

"बायको म्हटलं का आठवलं! नथूची बायको म्हणे, बँड नाय तर मी मंडपात येत नाय. मग मीच पातेलं वाजवत चालले. दोन मैल! पातेलं डोक्यावर, म्हणून मान."

मनोजचा आवाज चढला, तशी चंद्रकलाही चढली. पातेलं संपलं, गुडघा सुरू झाला. गुडघ्यावरून लेप, लेपावरून तो लावणारा वैद्य, वैद्यावरून त्याची तिरळी शेळी. पोलीस हवालदार आले तेव्हा मनोज डोकं धरून बसला होता. हवालदारानंही नकळत विचारलं, "मग शेळीचं काय झालं?" आणि आणखी दहा मिनिटं गेली.

शेवटी हवालदार म्हणाले, "चल रे, ठाण्यावर जबाब द्यायचाय."

"चला साहेब," मनोज म्हणाला, "लवकर चला."

जीप कधीच निघून गेली होती. चंद्रकलेनं दारातलं स्टूल सरकवलं आणि वंदनाताई बाहेर आल्या. "मावशी, काय काय सांगितलंत त्याला?"

"सगळं."

वंदनाताईंनी खुर्चीचा आधार घेतला.

"सगळं माझंच गो," चंद्रकला म्हणाली. त्या दिवशी चहा वंदनाताईंनी केला.

पुढं कोर्टाच्या तारखांना पोरगी चंद्रकलेजवळच असायची. कोर्टाचा आदेश झाला, मनोजला सारिकाच्या जवळ फिरकायची मनाई झाली. पोलिसांना बरोबर नेऊन तिची शिलाई मशीन आणि कागदपत्रं आणली. सारिकानं दुसऱ्या गावात खोली घेतली, शिवणकाम सुरू केलं. जूनमध्ये तिचा फोन आला. पोरगी पहिलीत बसणार होती आणि चंद्रकला आजी आल्याशिवाय जाणार नाही म्हणत होती.

चंद्रकलेनं सुदामला सांगितलं, "चपला घ्यायला जाते."

"त्यासाठी एवढी चांगली साडी?"

"दुकान मोठं हाय."

शाळेत पोरगी तिचा पदर सोडेना, तेव्हा बाईंनी चंद्रकलेलाही बाकावर बसवलं. मधल्या सुट्टीपर्यंत ती पहिलीत होती. बाईंनी बेरीज विचारली, तिनं बोटं मोजून बरोबर सांगितली. वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि सारिका खिडकीबाहेर पदर तोंडाला लावून हसत होती. चंद्रकलेनं तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

परतीच्या एसटीला पाच मिनिटं असताना तिला चपलांची आठवण झाली. पळतपळत जाऊन तिनं स्टँडाबाहेरच्या फेरीवाल्याकडून एक जोड उचलला. घरी सुदामनं पिशवी उघडली.

"अगो, या दोनी डाव्या पायाच्या हायत! कुठलं गो ते मोठं दुकान?"

आख्खी शाळा चंद्रकलेच्या ओठांपर्यंत आली. तिनं दोन्ही चपला पायात चढवल्या, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "चावत नायत."