एका गाण्यापायी लगदा झालेली हळद

कुरुंद्याच्या रस्त्याला शिजत्या हळदीचा वास आला की मला कानाला हेडफोन लावून कढईपाशी बसलेला मी दिसतो. कॉलेजातल्या मित्राने एका इंग्रजी रॉक बँडची कॅसेट दिली होती आणि तिच्या अख्ख्या एका बाजूला एकच गाणं होतं. ते संपलं असं वाटायचं, मग बासरी यायची, पुन्हा ड्रम सुरू व्हायचे. काही कळत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. बाबा पोती आणायला वसमतला जाताना बजावून गेले होते, "हळकुंडात काडी आरपार गेली की लगेच उपसजो." जाळ घालणारे तांड्यावरचे काका म्हणाले, "छोटे मालक, काडी जाऊन राहिली, उपसू का?" मी म्हणालो, "थांबा, संपतच आलंय." काका गोंधळले. "काय संपत आलंय?" मी आवाज वाढवला. गाणं थांबलं तेव्हा हळदीचा लगदा झाला होता. बाबा आले आणि काकांवरच ओरडले, "डोळे फुटले व्हते का? उद्यापासून येऊ नका." काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकलं मालक," म्हणाले आणि निघून गेले. मी कॅसेट काढून खिशात घातली. त्या बँडचे गायक बदलले, वादक म्हातारे झाले, तरी प्रत्येक नवा अल्बम मी ऐकतो. काकांनी माझं नाव काहून घेतलं नाही, ती माया होती की भीती, हे मात्र मला अजून कळत नाही, आणि तांडा दोन कोसांवर असूनही मी कधी विचारायला गेलो नाही.