पाठमोरा ड्रायव्हर

अरबी मालिकांचे मराठी संवाद मी लिहिते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अगं बाई, तुला अरबी येतं?" नाही येत. मुंबईहून संवादांची इंग्रजी फाइल येते, शेजारी चित्र चालू ठेवायचं आणि पडद्यावरच्या माणसाचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्यात बसेल असं मराठी वाक्य लिहायचं. हर्सूलच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर बसून मी तुर्की राजवाडे लिहिलेत आणि कोरियन प्रेमं लिहिलीत. त्यामुळे घाबरायचा प्रश्नच नव्हता. पण दोनेक वर्षांपूर्वी एक जुनी अरबी विनोदी मालिका आली आणि माझी बोलती बंद झाली. तिकडे रमजानच्या महिन्यात रोज एक, असे तिचे तीस भाग दाखवले होते. रोजा सोडून अख्खं घर टीव्हीसमोर बसायचं आणि पोट धरून हसायचं म्हणे. मी पाच भागांची फाइल वाचली, एकदाही हसू आलं नाही.

मग मला मामा आठवले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, करमाडचे. अठरा वर्षं कुवेतला एका घरी ड्रायव्हर होते. परत येऊनही बरीच वर्षं झाली. आता शेत बघतात, मुलगा शेंद्र्याला कंपनीत आहे. कुवेतहून सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या बॅगेतून जाड ब्लँकेटं निघायची, अत्तराच्या बाटल्या निघायच्या, टॉर्च निघायचे. गोष्ट मात्र एकही निघायची नाही. मामी अजून म्हणते, "अठरा वर्सं हा माणूस तितं काय करत व्हता, देवाला ठाऊक. इचारलं की म्हणतोय, गाडी चालवत व्हतो." आणि मामा नुसते हसतात.

मी फोन केला तर दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं हजर. पिशवीत शेतातली वांगी. चहा घेतला, चष्मा पुसला आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले. पहिल्या भागाच्या तिसऱ्याच मिनिटाला त्यांना असं काही हसू फुटलं की मी पाणी आणायला धावले.

"अगं, ही म्या तितं पायलेली हाय!" ते म्हणाले. "मालक दिवाणखान्यात बसून पाहायचा, आमी दाराबाहीर उभं राहून. त्यो टीव्हीतल्या मालकाला हासायचा आन् आमी हितल्या मालकाकडं बघून हासायचो. त्येला कदी कळलंच न्हाय!"

मालिका होतीच तशी. आपल्याच लोकांची अशी बिनपाण्यानं हजामत करणारी माणसं मला फार आवडतात. तिच्यातला मुख्य माणूस आधी सरकारी कारकून असतो, मग अचानक बडा असामी होतो, आणि साधेपणावर भाषणं ठोकत मोठ्या गाडीतून हिंडतो. गाडी चालवणारा आपल्याकडचा, हिंदुस्तानी. प्रत्येक भागात गाडीतला एक प्रसंग ठरलेला. मागच्या सीटवर मालक भाषणाची तालीम करतो, "काल मी शंभर गरिबांना जेवू घातलं." ड्रायव्हर काही बोलत नाही. कॅमेरा मागून असतो, त्यामुळे आपल्याला त्याची मान, टोपी आणि आरशात फक्त डोळे दिसतात. ते डोळे एकदा आरशातून मागं बघतात. मालक घसा खाकरतो. "चाळीस." गाडी चालतेय. "बरं, चार." पुन्हा डोळे. "म्हणजे... बोलावलं होतं, ते आले नाहीत."

फाइलमध्ये फक्त मालकाची वाक्यं होती. मामा शेजारी नसते तर मला त्यात काही दिसलंच नसतं. त्यांनी तो प्रसंग तीनदा मागं घेऊन बघितला.

"तो गप बसतोय ना, तितंच सगळं हाय माय," ते म्हणाले. "माझा मालक वाईट नव्हता बरं का. पर बाता लई. बायकोशी, भावाशी, फोनवर समद्यांशी. आन् म्या समूर बघत गाडी चालवायचो. येकदा मला म्हणला, तू काही बोलत न्हाईस, मला तुझी भीती वाटती. मला! दोन वर्सांनी घरी जायाला मिळायचं त्येच्याच मर्जीनं, आन् त्यो मला भ्यायचा."

ही कुवेतची त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट. मग दर मंगळवारी येऊ लागले. एका मंगळवारी जाता जाता चपला घालताना म्हणाले, "मराठीत झाली की तुज्या मामीला दाखवायची. मला सांगता येत न्हाय. पर ती बघंल आन् तिला कळंल, म्या तितं कसा राहिलो ते." एवढंच म्हणाले. त्यांना त्या मालिकेकडून जे हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते मला नीट कळलं होतं. 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही, म्हणून हे सांगितलं.

सहा भाग पाठवले आणि मुंबईहून डबिंगच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, गाडीच्या सीनमध्ये इतकी शांतता? आपला प्रेक्षक उठून जाईल. ड्रायव्हर पाठमोराच आहे ना, ओठ कुठं दिसतात? भरा काहीतरी. गावरान, मजेशीर. ते तर तुमच्या हातचंच आहे!"

या धंद्यातली ही जुनी रीत आहे. माणूस पाठमोरा असला की त्याच्या तोंडी वाट्टेल ते घालता येतं. आणि दुसरी रीत अशी, की मालक पुण्याचं बोलणार आणि नोकर, शिपाई, वॉचमन आमच्या गावाकडचं. मी स्वतः पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर एकदा 'लई' म्हणाले होते. पुढं सहा महिने पोरी मला जेवणाच्या रांगेत 'लई भूक लागली का गं?' म्हणून विचारत. तिथंच मी माझी जीभ घासूनपुसून घेतली. म्हणजे हे हसणं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

तरी मी साहेबांना 'हो' म्हणाले. बरं, नाइलाजानं म्हणाले असं तरी असावं! छे. मला चेव आला होता. मामांच्या तोंडचे शब्द मी दर मंगळवारी फाइलच्या कडेला टिपून ठेवत होतेच. आता एका दुपारी बसून गाडीतल्या सगळ्या शांतता भरून काढल्या. "व्हय जी मालक! शंबर काय, दोनशे म्हना मालक! आपुन अडाणी मानूस, आपल्याला काय कळतंय! आता कसं करावं माय!" ते 'कसं करावं माय' अस्सल मामांचं. बस चुकली, वांगी किडली, चष्मा सापडेना, की मामा हेच म्हणतात. मी ते ड्रायव्हरच्या तोंडी प्रत्येक भागात एकदा बसवलं. लिहिताना मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते. साहेबांनी मोबाइलवर हसणाऱ्या चेहऱ्यांच्या सात बाहुल्या पाठवल्या आणि मी त्या नवऱ्याला दाखवल्या.

मामांना यातलं काही सांगितलं नाही. ते येत राहिले, अर्थ सांगत राहिले.

मालिका मराठीत आली तेव्हा मामांनी रविवारी दुपारी सगळ्यांना करमाडला बोलावलं. मामीनं शेंगोळे केले होते. शेजारची दोन घरं, मुलगा, सून, नातवंडं, आम्ही नवराबायको. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलानं मोबाइल टीव्हीला जोडला. मामा उभे राहिले आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "ही माज्या भाचीनं लिव्हली हाय. आन् ह्याच्यात थोडा म्या बी हाय."

तिथंच मला उठून जावंसं वाटलं. पण बसले.

गाडीचा प्रसंग आला. "व्हय जी मालक!" आणि घर हास्यानं दणाणलं. "आपुन अडाणी मानूस!" शेजारचे गृहस्थ मांडीवर थापा मारत होते. मालक 'शंभर'चे 'चाळीस' आणि 'चाळीस'चे 'चार' का करतोय ते कुणालाच कळलं नाही, आणि कुणाला त्याची फिकीरही नव्हती. सगळे हसत होते ते ड्रायव्हरला. मग आलं, "आता कसं करावं माय!" नातवंडं एकदम ओरडली, "आबा! आबा! हे तर तुमीच!"

मी मामांकडे बघितलं. ते टीव्हीकडंच बघत होते. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण मघाचं. माझ्याकडं न वळता हळू आवाजात म्हणाले, "हितं तो बोलत नस्तो."

"मामा, ते... डबिंगला भरावं लागतं," मी म्हणाले. काय पण उत्तर! त्यांनी मान हलवली.

मामी पदरानं डोळे पुसत होती, हसून हसून पाणी आलेलं. "अवो," ती म्हणाली, "तुमी बी त्या मालकाम्होरं असंच लाळ घोटायचे व्हय?"

सगळं घर मामांकडे बघायला लागलं. त्यांना सांगता आलं असतं. 'नाही, हे हिनं घातलंय, मूळ मालिकेत तो माणूस तोंडातून शब्द काढत नाही, आणि मीसुद्धा काढला नाही,' एवढंच बोलायचं होतं. मी समोर बसले होते. माझ्या नवऱ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर माझी शोभा झाली असती. झाली असती तर बरं झालं असतं.

"व्हय," मामा म्हणाले. "असंच."

मामी पुन्हा हसली. आणि मी, अठरा वर्षं ज्या माणसानं हांजी हांजी केली नाही त्याच्याकडून ती माझ्यापायी करवून घेतली आणि ताटातले शेंगोळे संपवले. मला माझी लाज वाटते. हे वाक्य मी बऱ्याच दिवसांपासून कुणालातरी सांगायचं म्हणत होते. मामीला सांगायला हवं होतं. दोनदा फोन लावला, दोनदा पेरणीचं, पावसाचं बोलून ठेवून दिला.

साहेबांना मात्र विचारलं, ड्रायव्हरचं बोलणं बदलता येईल का. ते म्हणाले, "मॅडम, वेड लागलंय का? मालिका चाललीय ती त्याच्यावर." नंतर पुढचे तीस भाग आले. मी ते घेतले. नाही म्हणता आलं असतं, तेही मी म्हणाले नाही.

पहिल्याच भागात अडलं. मालक कुणाकडे तरी पाहुणा गेलेला, रिकामा कप नुसता धरून बसतो, कॉफी ओतणारे ओततच राहतात आणि सगळे हसतात, ते का? मी मामांना फोन केला. करमाडला शेतात होते, वारा ऐकू येत होता.

"होय, बोल," मामा म्हणाले.

मी विचारलं. 

"कप हलवला म्हणजे आता आणखी नको, असा त्याचा अर्थ आहे," ते म्हणाले. "त्याने हलवला नाही, तर ते ओततच राहतात. तिथे तशी पद्धत आहे."

एकेक शब्द शाळेतल्या धड्यासारखा सुटा, जपून उच्चारलेला. 'हाय' नाही, 'तितं' नाही, 'माय' नाही. माझ्याशी ते जन्मात असं बोलले नव्हते. बँकेत साहेबाशी बोलतात तसं बोलत होते.

"मामा, असं काय बोलताय?" मी म्हणाले. "आपलं नेहमीसारखं बोला ना."

"नको," मामा म्हणाले. "तू लिहून घेत असशील."