समोरून एकसारखं

शर्ट शिवून झाला की ती कॉलरची दोन्ही टोकं चिमटीत धरायची, एकमेकांना टेकवायची आणि एक डोळा मिटून विचारायची, "पाहा बरं मॅडम, एकसारखं झालं काय?" मला तर नेहमीच झालेलं दिसायचं. तिला मात्र कुठेतरी धाग्याएवढा फरक सापडायचा आणि मग ब्लेड घेऊन ती शिवण उसवत बसायची.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात शाळेला लागूनच तिचं दुकान होतं. गाव तिला शिलाईकाकू म्हणायचं. मी शाळेत शिक्षिका, गणवेशाचं काम माझ्याकडे, म्हणून आमची ओळख. 'एकसारखं' हा शब्द तिच्या तोंडी दिवसभर असायचा. भाकर एकसारखी थापली पाहिजे, पोरीचा भांग एकसारखा निघाला पाहिजे. पावसालाही ती सोडायची नाही. "त्या वावरात धो धो, या वावरात कोरडं. याले एकसारखं पडता येत नाही काय?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर जीवही जडतो आणि त्यांच्यामुळे डोकंही उठतं.

त्या वर्षी तांड्यावरची शाळा बंद झाली आणि तिथली मुलं आमच्याकडे आली. जवळजवळ आमच्या मुलांइतकीच होती. गावातल्या मुलांचे गडद निळे शर्ट तोवर शिवून झाले होते. नव्या मुलांसाठी कापड घ्यायला गेलो, तर तो ताका संपलेला. यवतमाळपर्यंत शोधलं. मिळालं ते जरा फिकं. काकूनं दोन्ही कापडं उजेडात धरून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि शिवून दिली.

आठवडा झाला नाही तोच नाव पडलं. "फिक्के आले! फिक्के आले!" शाळा सुटताना हा ओरडा तिच्या दुकानात पोचायचा. तांड्यावरची चौथीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. मी तिच्या घरी गेले. आई दारातच म्हणाली, "तो शर्ट अंगात घालत नाही मॅडम. झेंडावंदनाले येत नाही म्हनते. शाळाच नको म्हनते." मुलगी आतून ऐकत होती, पण बाहेर आली नाही.

त्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "झेंडावंदनाले पाहुणे येऊन राह्यले. फोटोत दोन रंग बरे दिसत नाहीत. फिक्के मागच्या रांगेत घ्या." सरांच्या तोंडीही तेच नाव! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक काकूचं दुकान गाठलं आणि सगळं सांगितलं. तिनं मशीनवरून मान वर केली नाही. "साऱ्या पोरायले शर्ट आनाले सांगा," एवढंच म्हणाली. "बटनं पक्के करून देतो म्हना."

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले आणि दारातच थबकले. जमिनीवर बाह्यांचा ढीग पडला होता. प्रत्येक शर्टाची पुढची डावी बाजू, बाहीसकट, उसवलेली. लाईट गेली होती आणि ती पायानं मशीन मारत होती.

"काकू, हे काय केलं?"

"डावी बाजू इकडची तिकडं लावून राह्यलो. अर्धा गडद, अर्धा फिक्का. साऱ्यायचाच."

"आणि पाठ?"

"पाठ जशीच्या तशी. तेवढा टाइम नाही. समोरून एकसारखं होते. पाठ कोन पायते?"

सकाळपर्यंत झालं नाही तर अख्खी शाळा बनियनवर उभी राहणार होती. मी ब्लेड घेऊन खाली बसले. तेवढ्यात एक आई शर्ट शोधत आली आणि भडकलीच. "माह्या पोराचा चांगला शर्ट कायले फाडला?"

"फाडला नाही, उसवला. बस, बटन लाव."

ती बसली नाही, पाय आपटत शाळेत गेली. थोड्या वेळानं सर आले. ढीग पाहून त्यांचा आवाज चढला. "पुढच्या वर्षी शाळेचं एक कापड या दुकानात येणार नाही, सांगून ठेवतो!"

मशीन थांबली नाही. "नका आनू सर. पन उद्या मागची रांग करू नका."

सर तसेच निघून गेले. दिवेलागणीला शेवटचा शर्ट झाला. चौथीतल्या त्या मुलीचा शर्ट तिच्या आईनं आणून दिला होता; तो मी रात्रीच घरी पोचवला.

सकाळी मुलं आली ती एकमेकांना निरखतच. समोरून पाहता फिक्के कोणाला म्हणायचं तेच कोणाला समजेना. सरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि रांगा उंचीप्रमाणे लावायला सांगितल्या. झेंडा वर जायच्या जरा आधी चौथीतली ती मुलगी फाटकातून धावत आली. अंगात शर्ट होता. ती पहिल्या रांगेत घुसली. काकू दुकानाच्या दारात उभी राहून एक डोळा मिटून पाहत होती.

सरांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी गणवेश बाहेरून तयार आले, सगळे एका रंगाचे. काकूचं दुकान काही दिवस ब्लाउजवर आणि साडीच्या फॉलवर चाललं, मग बंद झालं. मागच्या हिवाळ्यात ती गेली. मला तिची फार आठवण येते.

ते शर्ट आता धाकट्या भावंडांच्या अंगावर असतात. दारव्ह्याच्या बाजारात एखादं पोर तसा अर्धा गडद, अर्धा फिका शर्ट घालून समोरून येतं आणि माझ्या बाजूनं निघून जातं. त्याची पाठ पाहायला मी मागे वळत नाही.