मशीन वाढवावे

आमच्या घरात कधी काही संपलं नाही, फुटलं नाही आणि विझलं नाही. तांदळाचा डबा तळाला गेला की आई म्हणायची, "तांदूळ वाढले." हातातली बांगडी फुटली तर ती वाढली. देवापुढचा दिवा ती विझवत नसे, वाढवत असे. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आईनं तो नियम मिठापासून मेणबत्तीपर्यंत सगळीकडं लावून ठेवला होता. संपणं, फुटणं, बंद होणं, हे शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत यायचे ते फक्त माझ्या तोंडून.

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मी स्वयंपाकघरातून "आई, साखर संपली गं" असं ओरडले की ती कपाळावर हात मारून म्हणायची, "शुभ बोल, नाऱ्या!" म्हणीतल्या त्या नाऱ्याला शुभ बोल म्हटलं तर तो मांडवाला आग लागली म्हणून सांगतो. आईच्या मते मी त्याचीच सख्खी बहीण. पुढं पुढं तर 'शुभ बोल' गळून पडलं आणि नुसतं 'नाऱ्या' उरलं. लग्न होऊन नांदेडला गेले, शाळेत गणित शिकवता शिकवता केस पिकले, तरी हिंगोलीहून निघताना मी मुद्दाम "जाते" म्हणायची आणि आई आतून ओरडायची, "येते म्हण, नाऱ्या!" मी म्हणत नसे. माहेरी येऊन थोडंसं भांडलं नाही तर आल्यासारखं वाटतच नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "वकीलसाहेबाला बोलावलंय. तू पण ये. तो कागद करून टाकू."

"कोणता कागद?"

"तोच गं. माझ्या मागचा."

मृत्युपत्र हा शब्द तिच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. बाबांच्या ओळखीचे वकीलसाहेब भला माणूस, त्यांनी घरात आल्याबरोबर समजून 'इच्छापत्र' म्हणायला सुरुवात केली. त्यावर आई म्हणाली, "इच्छा तर लई हायेत, साहेब. मावतील का तुमच्या एका कागदात?"

मावल्या. घर आम्हा दोघा भावंडांना बराबर, पाटल्या सुनेला, मोहनमाळ मला. हे सगळं तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं. अडलं ते अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडावर. ते शेजारच्या चाचांनी लावलेलं. चाचांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, आता ते मुलगा चालवतो, आणि बाबा होते तोवर दोघांचा संध्याकाळचा चहा त्याच झाडाखाली व्हायचा. आईला ते झाड चाचांच्या नावावर करायचं होतं. वकीलसाहेब म्हणाले, झाड असं वेगळं देता येत नाही, आणि ज्याला काही मिळणार त्याला आपण साक्षीदार करत नाही. तुम्हाला तर चाचाच साक्षीला पाहिजेत. आईनं थोडा विचार केला. "मंग नावावर नका करू. नुसतं लिहा, तोडायचं न्हाई." चाचा खुर्चीत बसून हे ऐकत होते, ते उगाचच चष्मा पुसायला लागले.

पण आईनं वकील बोलावला होता तो घरासाठी किंवा झाडासाठी नाही. तिला दुसरा कागद हवा होता. आपल्याला बोलता येईनासं झालं तर दवाखान्यात आपलं काय करायचं आणि काय नाही, हे आधीच सांगून ठेवणारा.

त्याला कारण बाबा. बाबा बाजार समितीत कारकून होते, शब्दाला शब्द न लावणारे शांत गृहस्थ. त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला, आम्ही त्यांना नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथं त्यांना श्वासाचं मशीन लागलं. काही दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला एका खोलीत बसवून नीट सांगितलं की आता सुधारणा होणार नाही, मशीन चालू ठेवायचं की बंद करायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी विचारलं दादाला, मुलगा म्हणून. दादा माझ्यापेक्षा मोठा, पुण्याला असतो, लोण्याच्या काळजाचा माणूस. तो म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशीही म्हणाला, "बघू." आई म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." मला कोणी विचारलं नाही. बाबा तसेच राहिले. नळी ओढू नये म्हणून त्यांचा हात पलंगाला बांधलेला असायचा आणि आई पलंगाशी बसून तो बांधलेला हात धरायची. जे व्हायचं ते शेवटी झालंच, फक्त फार उशिरा झालं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्यांला लई तकलीफ झाली. कोणाला तोंडच न्हवतं आपल्यात."

म्हणून आता ती वकीलसाहेबांना सांगत होती, "मशीन लावूच नका. अन् घाईघाईत लावलंच, अन् ही काही उठून बसण्यातली न्हाई असं डॉक्टर म्हणले, तर मंग मशीन वाढवा. मला घरी आणा. मधल्या खोलीत ठेवा, खिडकी उघडी ठेवा." वकीलसाहेब म्हणाले, माणसाचा कागद माणसाच्या शब्दांत असावा, आणि त्यांनी तिचेच शब्द जरा कोट-टाय घालून उतरवले. पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवलं. "असे यंत्र लावले गेलेच व मी बरी होण्याची आशा नसल्यास सदर यंत्र वाढवावे व मला राहत्या घरी आणावे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचांनी डोलावली, फोनच्या पडद्यावरून दादानं डोलावली, आणि जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या चुका काढणाऱ्या मीसुद्धा डोलावली.

"आता एक नाव पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले. "वेळ आली तर तुमच्या वतीनं डॉक्टरांना कोण सांगणार?"

आईनं एकदा फोनमधल्या दादाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "ते मागून सांगते. जागा सोडा."

मला राग आला. आता ती दादाचंच नाव घालणार, आणि माझ्यासमोर घालायला नको म्हणून जागा सोडते आहे, असं मी धरून चालले. नांदेडहून धावत यायला मी, गोळ्या आणायला मी, आणि शेवटी मुलगा तो मुलगा. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. सही करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे असा दाखला दोन्ही कागदांना जोडायचा होता. आई मुळातच तापलेली. "मला येडी समजून राहिले काय?" तरी इस्त्रीची साडी नेसून ऑटोत बसली. डॉक्टर तरुण, दक्षिणेकडून आलेले, मराठी मोठेपणी शिकलेले आणि म्हणूनच पुस्तकासारखं स्वच्छ बोलणारे. त्यांनी विचारलं, "काकू, आज वार कोणता?"

"गुरुवार. माजा उपास हाये. तुमाला न्हाई का ठाऊक?"

डॉक्टर हसले, दाखला लिहिला आणि मग सहज म्हणून दुसरा कागद वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा गंभीर झाला. "काकू, हे जरा अवघड आहे. आधी म्हणता मशीन नको. लावलं तर मात्र वाढवा. आणि वाढवून घरी न्या. म्हणजे मधल्या खोलीत आयसीयू करायचा आहे का?"

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं आणि मी जी हसत सुटले ती आवरेना. मधल्या खोलीत, आईच्या पापडांच्या डब्यांशेजारी, वाढत चाललेलं मशीन मला दिसायला लागलं. डॉक्टरांना मी कसंबसं समजावलं की आमच्याकडं वाढवणं म्हणजे काय. तेही हसले. हसली नाही ती आई.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "त्यांच्या टायमाला कोणी बोललं न्हाई. अन् इथं मी बोलले तर उलटंच झालं. हा कागद घेऊन तुमी पळत गेले असते, अन् त्या डॉक्टरानं मशीन वाढवत नेलं असतं. माजा हात बांधला असता." आणि ती बाबांच्या खुर्चीत बसली. माझं हसू जागच्या जागी गेलं. तिला मरणाची भीती नव्हती, भीती होती ती त्या बांधलेल्या हाताची, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून माना डोलावत तोच हात तिच्यासाठी कागदावर लिहून ठेवला होता.

संध्याकाळी वकीलसाहेब पुन्हा आले. चाचाही आले. वकीलसाहेब म्हणाले, "चूक माझी. 'बंद करावे' असं लिहू."

"तो शब्द माझ्या कागदात नको."

"बरं, 'थांबवावे'?"

"थांबलेली एसटी परत निघती."

"'काढून घ्यावे'?"

"काहून? भाड्यानं आणलंय का?"

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मी तोंड उघडणार तोच चाचा बोलले. "भाभी, हम भी दुकान बढाते बोलते, बंद नै बोलते. पूरी जिंदगी बढाया मैंने. मगर सरकारी कागद में बंदच लिखना पडता. उनको हमारी बोली क्या मालूम."

आई बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. अंगणात लिंबाच्या झाडावर चिमण्यांचा कालवा चालला होता. मग ती म्हणाली, "लिहा." आणि वकीलसाहेबांनी पेन उचललं तसं पुढं म्हणाली, "अन् ती सोडलेली जागा भरा. हिचं नाव घाला."

हिचं म्हणजे माझं. मी म्हणाले, "अगं, दादा..."

"त्याला लई माया हाये. तो 'बघू' म्हणल. वरीसभर 'बघू' म्हणत राहील लेकरू." मग माझ्याकडं बघून, रागावल्यासारखं पण रागावलेली नसताना, म्हणाली, "तुला साऱ्या जन्माची बोलून राहिले, शुभ बोल, शुभ बोल. तू ऐकलं न्हाई. देवानं असलं तोंड तुला कशाला तरी दिलंच असंल."

मला एकदम रडू यायला लागलं आणि ते मी चाचांसमोर दाबून धरलं. आदल्या दिवशी घासलेली भांडी आठवून लाजही वाटली.

"एकदा म्हणून दाखव," आई म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. म्हंजी तवा जड जाणार न्हाई. मी डॉक्टर हाये समज. इचारून राहिले तुला, बाई, मशीनचं काय करायचं?"

ती ताठ बसली. डॉक्टर दिसावं म्हणून हात मागं बांधले. समोर माझी आई, उपासाची, कपाळाला टिकली, साडीला इस्त्री. साखर संपली, बांगडी फुटली, दिवा गेला, मी जाते. कसलाही शब्द उचलून फेकणारी मी, आणि आता एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. सगळे माझ्याकडं बघत होते.

"बघू," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. आईनं मागं बांधलेले हात सोडले, पुढं वाकून माझी हनुवटी धरली, मी सहा-सात वर्षांची असताना धरायची तशी.

"बोल, नाऱ्या."

मी म्हणाले, "बंद करा."

"बराबर," आई म्हणाली, आणि वकीलसाहेबांना चहा विचारला.

दादाला मी रात्री फोन केला. वाटलं होतं, त्याला लागेल. तो रडलाच, पण सुटल्यासारखा रडला. "मला झेपलं नसतं गं," म्हणाला, "बाबांच्या वेळी तरी कुठं झेपलं." त्याच्यावर इतकी माया मला फार वर्षांनी आली. मग सोमवारी कोर्टाजवळ नोटरीसमोर सह्या झाल्या. चाचांनी साक्षीदार म्हणून उर्दूत सही केली, दुसरी साक्षीदार आमच्या समोरच्या घरातली बाई होती. कागद वाचून दाखवताना 'बंद करावे' आलं तेव्हा आईनं डोळे मिटले, आणि "समजलं का?" असं विचारल्यावर "व्हय" म्हणाली. बाहेर आल्यावर लगेच मारुतीच्या देवळात जाऊन तिनं नारळ वाढवला. तोंडाला लागलेलं काहीतरी धुऊन काढावं, तसं खोबरं चावून खाल्लं आणि मलाही खायला लावलं.

संध्याकाळच्या बसनं मी नांदेडला निघाले. कागदाची एक प्रत माझ्या पिशवीत होती. आई ओसरीत हळदीचं लोणचं बरणीत भरत बसली होती, बोटं पिवळी झालेली. मी चप्पल घातली, पिशवी खांद्याला लावली. तिनं मान वर केली नाही, पण माझं नेहमीचं 'जाते' ऐकायला आणि त्यावर ओरडायला ती तयारीत बसलेली आहे, हे मला दिसत होतं.

"येते, आई," मी म्हणाले.

तिचा हात बरणीतच थांबला. जन्मभराचं भांडण ती जिंकली होती, पण तसं काही बोलली नाही. पिवळ्या हातानं डोळ्यांवरचं काहीतरी पुसायला गेली, हळद आठवली म्हणून मनगटानं पुसलं.

"ये," म्हणाली.