दादांच्या घरात कुत्रं चालत होतं

दादा गेल्याचा फोन मला घरातल्या कुणाचा आला नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा आला. "काका, मी सरिता बोलतेय. तुम्ही लगेच इंदिरानगरला या..." एवढंच ती म्हणाली आणि मागून वहिनींचं रडणं ऐकू आलं. काय ते समजलो. त्याला आता काही आठवडे झाले. थोरल्या भावाविषयी लिहायचं तर गहिवरून लिहावं अशी अपेक्षा असते, पण लिहायला बसलं की मला आधी दादांचा रागच येतो. घरमालक व्हायला इतका नालायक माणूस मी नाशकात दुसरा पाहिला नाही.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दादांनी राहत्या घरावर मजला चढवला आणि दोन बिऱ्हाडांची सोय केली. मी जन्मभर कचेरीत कागद सांभाळलेले, म्हणून करार करणं, पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती देणं, हे सगळं माझ्या गळ्यात. पहिलं बिऱ्हाड एका तरुण जोडप्याचं होतं. त्यांच्या धिप्पाड कुत्र्यानं बेडरूमचं दार खालून कुरतडलं, बाल्कनीची जाळी फाडली. ते घर सोडायला निघाले तेव्हा दुरुस्तीचा खर्च डिपॉझिटमधून कापून घ्या, असं मी दादांना बजावून सांगितलं होतं. दादांनी सगळं डिपॉझिट परत दिलं, वर त्या कुत्र्याला वाटेत खायला वहिनींकडून पोळ्या बांधून घेतल्या. मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, पुण्यात त्यांना परत डिपॉझिट भरायचंय. आणि दार कुत्र्यानं खाल्लंय, त्यांनी नाही."

पुढच्या करारात मी स्पष्ट लिहून घेतलं की घरात कोणताही पाळीव प्राणी ठेवता येणार नाही. दादांनी न वाचताच सही केली. त्या करारावर सरिता आली. सुरगाण्याकडची, त्र्यंबक रोडवरच्या एका दवाखान्यात नर्स, एकटी, अगदी शांत मुलगी. मला हायसं वाटलं. पण काही महिन्यांनी तिचे वडील डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले आणि जीपमधून येताना आपलं काळं कुत्रं बरोबर घेऊन आले. मागं ठेवलं तर ते जेवत नाही म्हणे. दादांनी त्यांना सांगितलं, "माझी काही हरकत नाही हो, पण आमचा धाकटा भाऊ फार कडक आहे. तो रविवारी येतो, तेवढं सांभाळा."

म्हणजे मी दर रविवारी त्या घरात चहा पीत बसायचो आणि एव्हाना दादांकडेच रुळलेलं ते कुत्रं आतल्या मोरीत कोंडलेलं असायचं. ते भुंकलं की वहिनी मिक्सर लावायच्या. वहिनी रविवारी एवढं काय वाटतात, असा प्रश्न मला अनेकदा पडला होता, पण विचारलं नाही. शेवटी एका रविवारी हात धुवायला मीच मोरीचं दार उघडलं. कुत्रं शांतपणे बाहेर आलं आणि दादांच्या खुर्चीखाली जाऊन बसलं. रोजची जागा असल्यासारखं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कुत्रं आहे," दादा म्हणाले.

मी बराच वेळ बोललो. करार कशासाठी असतो, उद्या कुणाला चावलं तर कोण निस्तरणार, मला वाईट ठरवून तुम्ही चांगले राहता... सगळं बोललो. सरिताचे वडील जिन्यात येऊन उभे राहिले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, हात जोडलेले. म्हणाले, "साहेब, माझा डोळा बरा झाला का आम्ही दोघं जातू. पोरीला नका काढू." दादांनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाले, "तू लिहितोस ते बरोबरच असतं. पण इथं खाली मी राहतो. दार वाजलं की मला उघडावं लागतं." करार संपला की हे बिऱ्हाड बदलायचं, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मुदत संपली तेव्हा त्यांनी एजंटला बोलावून सरिताचाच करार परस्पर नवा केला आणि मग मला फोन केला. "तू चिडशील म्हणून आधी नाही सांगितलं." मी चिडलोच.

दादा गेले त्या दिवशी सकाळी ते ओट्यावर पेपर वाचता वाचता कोसळले. वहिनींनी हाक मारली तेव्हा सरिता रात्रपाळीहून नुकतीच आली होती. तशीच धावत खाली आली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती दादांची छाती दाबत होती, थांबलीच नाही, असं वहिनी सांगतात. मी पोचलो तेव्हा ती पायरीवर बसून होती. "काका, मी खूप केलं," म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलो. तिला पाणी आणून द्यायलाही मला सुचलं नाही. म्हणून करारातलं माझं कलम चुकीचं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. पण ते तिच्याच करारात असायला हवं होतं का, हे मी अजून स्वतःला विचारतो.

आता सगळा कारभार माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात सरिताच्या शेजारचं दुसरं बिऱ्हाड रिकामं झालं. काल निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वर जाऊन दिवा लावून येता? घर रिकामं असलं की हे संध्याकाळी लावायचे. अंधारी खिडकी त्यांना बघवायची नाही." रिकाम्या घरात वीज कशाला जाळायची, हे ओठांवर आलं होतं, पण वर गेलो. दिव्याचं बटण दाबलं, तर पंखा फिरायला लागला. पंख्याचं दाबलं, तर बाल्कनीतला दिवा लागला. पैसे वाचवायला दादांनी वरचं वायरिंग स्वतःच केलं होतं, हे मी विसरलोच होतो. एकेक बटण दाबत गेलो. शेवटी स्वयंपाकघरातल्या गिझरच्या बटणानं हॉलमधला दिवा लागला. तिथंच उभं राहून मी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. त्यानं उचलला, तेव्हा म्हटलं, "काही नाही, चुकून लागला."

उद्या घर बघायला माणसं येणार आहेत. कुठल्या बटणानं काय लागतं, ते त्यांना मलाच समजावून सांगावं लागेल.